काचिन तलवार : शस्त्र, देणे आणि चिन्ह

१. प्रश्नाचे स्वरूप

इ. स. १८८५ च्या युद्धानंतर ब्रिटिशांनी वरचा ब्रह्मदेश आपल्या राज्यास जोडला. त्यानंतर त्या देशाच्या उत्तरेकडील डोंगरांत गेलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी व प्रवाशांनी काचिन लोकांविषयी पुष्कळ लिहिले. या लिखाणात एक चित्र पुन:पुन्हा येते. खांद्यावरून वेताच्या कड्यात तलवार अडकविलेला आणि ती शेतात, बाजारात व शेजाऱ्याच्या घरीही सोबत बाळगणारा पुरुष, हे ते चित्र होय. त्यावरून हा समाज स्वभावत:च युद्धप्रिय आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि तो काढलाही गेला. पुढे सैन्यभरतीच्या निमित्ताने ‘लढाऊ जमाती’ची कल्पना दृढ झाली, तेव्हा ही तलवार त्या कल्पनेचा दृश्य पुरावाच मानली गेली.

ही तलवार कोणावर उपसली जाई, हा प्रश्न अशा रीतीने वारंवार विचारला गेला. ती कोणी घडविली, कोणी कोणास दिली आणि कोणत्या हिशेबात मोजली, या प्रश्नांकडे मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक काचिन समाजाचा इतिहास जाणण्यास हे प्रश्न अधिक उपयोगी आहेत. काचिन लोकांना परंपरेने लिपी नव्हती. पूर्वजांना मिळालेली अक्षरे कातड्यावर लिहिलेली होती आणि वाटेत भूक लागल्यामुळे त्यांनी ते कातडे खाऊन टाकले, अशी कथा ते सांगत. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी ओला हॅन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिंगफॉ भाषेसाठी रोमन लेखनपद्धती सिद्ध केली आणि इ. स. १९०६ मध्ये त्या भाषेचा कोश प्रसिद्ध केला. तोपर्यंत करार, सोयरीक व भरपाई यांची स्मृती वस्तूंच्या आणि वाणीच्या आधारानेच टिकत असे. अशा वस्तूंपैकी तलवार ही एक प्रमुख वस्तू होती.

२. लोक आणि प्रदेश

‘काचिन’ हे नाव एकाच भाषेच्या किंवा एकाच कुळाच्या लोकांचे नाही. जिंगफॉ, झाइवा, लाओवो, लाशी, रवांग व लिसू अशा अनेक गटांचा त्यात समावेश करण्यात येतो. जिंगफॉ ही त्यांतील परस्पर-व्यवहाराची मुख्य भाषा होय. मली व न्मै या दोन नद्यांच्या संगमातून इरावती निर्माण होते. त्या संगमाच्या वरचा ‘त्रिकोण’ म्हणून ओळखला जाणारा डोंगराळ मुलूख, पश्चिमेस हुकाँगचे खोरे, दक्षिणेस मिचिना व भामो यांच्या भोवतीच्या टेकड्या, असा हा प्रदेश आहे. पूर्वेस चीनच्या युनान प्रांतातील देहोंग भागात हेच लोक ‘जिंगपो’ म्हणून ओळखले जातात. पश्चिमेस पातकोई पर्वतापलीकडे आसाम व अरुणाचल प्रदेशात त्यांचे भाईबंद ‘सिंगफो’ या नावाने राहतात. जिंगफॉ, जिंगपो व सिंगफो ही तिन्ही नावे मुळात एकच होत.

डोंगरावर जंगल तोडून व जाळून केलेली फिरती शेती, आणि खोऱ्यांत शान लोकांची पाटाच्या पाण्यावरील भातशेती, अशी या प्रदेशाची जुनी विभागणी होती. डोंगर आणि खोरे ही दोन जगे भाषेने व धर्माने भिन्न असली, तरी एकमेकांवाचून चालणारी नव्हती. तलवारीच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

३. रूप व उपयोग

जिंगफॉ भाषेत या तलवारीस ‘न्थू’ म्हणतात. ब्रह्मी भाषेत तिला ‘धा’ व आसामात ‘दाव’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तिचे पाते एकधारी असते. मुठीपाशी ते अरुंद असून टोकाकडे क्रमाने रुंद होत जाते. टोक निमुळते नसते, तर आडवे किंवा किंचित तिरपे कापल्यासारखे असते. भोसकण्यास ते निरुपयोगी होय. सारा भर पात्याच्या पुढील भागात एकवटल्यामुळे घाव मात्र जड बसतो. मुठीस परज नसते. मूठ लाकडाची किंवा बांबूची असून तीवर वेत वळलेला असतो. श्रीमंताच्या तलवारीवर वेताच्या जागी चांदीची तार अथवा पत्रा चढविलेला आढळतो.

म्यानाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. लाकडाची एकच फळी कोरून तिच्या खोबणीत पाते बसविलेले असते आणि ते निसटू नये म्हणून आडव्या वेताच्या किंवा धातूच्या पट्ट्या घातलेल्या असतात. म्यानाची दुसरी बाजू उघडी राहते, म्हणून पाते नेहमी दृष्टीस पडते. म्यानास जोडलेले वेताचे कडे खांद्यावरून छातीवर तिरपे घेतले जाते.

हे वर्णन केवळ युद्धशस्त्राचे नाही, हे उघड आहे. जंगल साफ करणे, बांबू तोडून घर उभारणे, लाकूड फोडणे, बांबूच्या काड्या काढणे, पशू कापणे, ही सर्व कामे याच पात्याने होत. कोयता, कुऱ्हाड आणि सुरी यांची कामे त्यात एकत्र आलेली होती. ज्याच्या अंगावर तलवार नाही त्याला रानात वाट काढता येत नसे. परकीय निरीक्षकांनी जे शस्त्रसज्ज पुरुष पाहिले, त्यांपैकी बहुतेक शेतावर निघालेले असावेत, असे मानण्यास आधार आहे.

समारंभाची तलवार या रोजच्या तलवारीहून आकाराने वेगळी नसते. म्यानावरील चांदीच्या पट्ट्या, मुठीची सजावट, लाल गोंडे यांमुळे तिला शोभा येते, एवढेच. कामाचे हत्यार आणि मानाचे हत्यार यांत जातिभेद नसणे, हे काचिन तलवारीचे पहिले वैशिष्ट्य होय.

४. घडविणारे हात

या तलवारी कोण घडवीत असे? काही काचिन गट स्वत: लोहारकाम करीत. ‘त्रिकोण’ प्रदेशाच्या उत्तरेकडील दुलेंग गटाची त्याबद्दल ख्याती होती. पातकोईच्या पश्चिमेकडील सिंगफोंविषयी कर्नल डाल्टन यांनी इ. स. १८७२ च्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, त्यांना लोखंड गाळण्याची विद्या अवगत होती, आणि दगडाची ऐरण व ओबडधोबड हातोडा एवढ्याच साधनांवर त्यांचे लोहार जी पाती घडवीत, ती साऱ्या सरहद्दीवर नावाजलेली होती. खामती शानांच्या दावांनाही त्या सरहद्दीवर अशीच मागणी होती.

पूर्वेकडील टेकड्यांत मात्र तलवार मुख्यत्वे खोऱ्यांतून येई. देहोंग भागातील हूसा या खोऱ्यात आछांग नावाचे लोक राहतात. तेथील परंपरा सांगते की, चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिंग राजवटीच्या ज्या फौजा या सरहद्दीवर वसल्या, त्यांच्याकडून आछांगांनी पोलादी पाती घडविण्याची कला घेतली. एकेका गावाने एकेक प्रकारचे हत्यार घडविण्यात प्रावीण्य मिळवावे, अशी कामाची वाटणी तेथे रूढ झाली. पात्यास पाणी देण्याच्या कौशल्यावर हूसाच्या मालाचा लौकिक उभा होता. डोंगरावरील जिंगपो पुरुषाच्या खांद्यावरील तलवार पुष्कळदा याच खोऱ्यातील भट्टीतून आलेली असे.

ब्रह्मी लोक या कारागिरांना ‘मैंगथा’ म्हणत. इ. स. १८६८ मध्ये मेजर स्लेडन यांच्याबरोबर भामोहून युनानच्या सरहद्दीकडे गेलेले जॉन अँडरसन यांनी या खोऱ्यांतील लोहारांची नोंद केली आहे. पावसाळा संपल्यावर हे लोहार टोळ्यांनी बाहेर पडत, ब्रह्मदेशात व शान संस्थानांत हिंडून हत्यारे घडवीत व दुरुस्त करीत आणि पेरणीच्या सुमारास घरी परतत. इ. स. १९०० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वरच्या ब्रह्मदेशाच्या गॅझेटियरमध्येही त्यांच्या या हंगामी भ्रमंतीचा उल्लेख आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. जी वस्तू काचिन माणसाची सर्वांत जिव्हाळ्याची खूण मानली जाते, ती अनेकदा दुसऱ्या लोकांच्या हातची होती. डोंगरावरच्या माणसाने खोऱ्यातल्या माणसावर विश्वास ठेवल्याशिवाय, बाजाराची वाट मोकळी राहिल्याशिवाय आणि लोहाराचा प्रवास सुखरूप पार पडल्याशिवाय ती त्याच्या खांद्यावर येऊच शकत नव्हती. तिच्या निर्मितीस शांतता आवश्यक होती.

५. सोयरीक आणि तलवार

काचिन समाजरचनेचा कणा म्हणजे ‘मायू’ व ‘दामा’ यांचे नाते. ज्या कुळातून मुली येतात ते कुळ मायू, आणि ज्या कुळास मुली दिल्या जातात ते दामा. ही दोन्ही नाती एकाच कुळाशी उलटसुलट जोडता येत नाहीत. ज्यांच्याकडून सून आणली त्यांना आपली मुलगी देणे निषिद्ध होय. देणारे कुळ घेणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानले जाते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांनी इ. स. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या नात्यावरच काचिन राजकारणाची मांडणी केली. इ. स. १९३९-४० मध्ये भामोच्या पूर्वेकडील टेकड्यांत त्यांनी जी टिपणे केली, त्यांचा बराच भाग युद्धाच्या धामधुमीत नष्ट झाला. तो ग्रंथ पुष्कळ अंशी स्मरणावर व इतर लिखाणावर आधारलेला आहे, हे ध्यानी ठेवूनच त्याचा उपयोग केला पाहिजे.

विवाहाच्या वेळी वराकडून वधूकडे, म्हणजे दामांकडून मायूंकडे, गुरे, घंटा, वस्त्रे इत्यादी संपत्ती जाते. तलवार मात्र उलट दिशेने येते. मायू आपल्या मुलीबरोबर दामांना तलवार आणि भाला देतात. मुलीचे व तिच्या नव्या घराचे रक्षण व्हावे, हा त्यामागील भाव सांगितला जातो. जे कुळ मुलगी देऊन आपला अंश दुसऱ्याच्या हाती सोपविते, तेच त्या हाती शस्त्रही देते. तलवारीमागे असा भरवसा असतो, आणि भरवशाबरोबर येणारी जबाबदारीही असते. दामाच्या घरातील ती तलवार मायूंच्या श्रेष्ठत्वाची व त्याच्यावरील त्यांच्या हक्काची साक्ष बनते. ख्रिस्ती झालेल्या काचिन कुटुंबांतही तलवार व भाला देण्याची ही चाल टिकून राहिली आहे. ती केवळ जुन्या देवधर्माचा अवशेष असती, तर धर्मांतरानंतर टिकली नसती.

६. वैर आणि भरपाई

याच तत्त्वाची दुसरी बाजू वैराच्या प्रसंगी दिसते. काचिन रूढीप्रमाणे चोरी, अपमान, व्यभिचार, खून, न फेडलेले कर्ज, या सर्वांकडे ‘देणे’ या एकाच दृष्टीने पाहिले जात असे. देणे फिटेपर्यंत वैर चालू, आणि देणे फिटले की वैर संपले. ते पिढ्यानपिढ्या वारशाने येई. ही भरपाई ज्या वस्तूंत ठरे त्यांना ‘फागा’ म्हणत. गुरे, घंटा, वस्त्रे, भांडी, भाले व तलवारी यांची गणना त्यांत होई.

मध्यस्थ वडीलधारे एकत्र बसून अपराधाच्या मानाने इतके फागा असा निवाडा देत. प्रत्येक फागाला त्याचे विवक्षित नाव व कारण असे. एका नावाच्या वस्तूऐवजी दुसरी वस्तू उभयपक्षी संमतीने देता येई, म्हणून गरिबासही तडजोडीस वाव राही. निवाड्यात ‘तलवार’ म्हटली, तरी प्रत्यक्षात कधी तलवार येई, कधी तिचा मोबदला. येथे तलवार जवळजवळ एक परिमाण बनली होती. जी वस्तू वैर पेटविण्यास समर्थ होती, तीच वैर शमविण्याच्या हिशेबात एक अंक म्हणून मांडली जाई. केवळ ‘शस्त्र’ या सदराखाली तिची नोंद करणाऱ्यास ही दुसरी बाजू दिसणे शक्य नाही.

वाटणीचे तत्त्व भोजनातही होते. मुखियास ‘दुवा’ म्हणत. गावात बळी दिलेल्या पशूची मांडी त्याच्याकडे पोहोचविण्याचा रिवाज असल्यामुळे त्याला ‘मांडी खाणारा’ असेच संबोधीत. ज्या गावांनी दुवांची सत्ता झुगारली, त्यांनी प्रथम हा वाटा नाकारला. पाते कोणासाठी मांस कापते, यात राज्यव्यवस्थेचा प्रश्न सामावलेला होता.

७. मनाउ

समारंभाची तलवार सर्वांत ठळकपणे दिसते ती ‘मनाउ’ या महोत्सवात. मूळचा मनाउ हा आकाशातील ‘मादाई’ या श्रेष्ठ देवतेस उद्देशून मोठ्या दुवाने केलेला यज्ञोत्सव होता. तो करण्याचा अधिकार विशिष्ट घराण्यांनाच असे. समृद्धीसाठी, युद्धातील विजयासाठी, असे त्याचे निरनिराळे प्रकार होते. मैदानाच्या मध्यभागी रंगविलेले उंच खांब उभारले जातात. त्यांवरील वळणदार रेषा नृत्याचा मार्ग दाखवितात, असे मानतात. ‘नाउशाँग’ म्हणजे नृत्याचे अग्रणी धनेश पक्ष्याची चोच व पिसे लावलेला मुकुट घालून पुढे चालतात आणि त्यांच्यामागून शेकडो स्त्री-पुरुष त्या वळणांनी फिरतात. पुरुषांच्या हाती उंचावलेली तलवार असते.

या नृत्यात तलवारींचा आघात होत नाही, लढाईचा अभिनयही क्वचितच होतो. तलवार सरळ धरून ताल सांभाळीत पुढे जावयाचे असते. शेजारच्या पात्यास आपले पाते लागू न देता शेकडो उघड्या धारा एका लयीत चालविणे, यातच त्या नृत्याची शिस्त आहे. जुन्या अंत्यविधींतही तलवारी घेऊन नाचण्याची चाल होती. मृताच्या घरातून अनिष्ट शक्तींना हुसकून लावणे, हा तिचा हेतू सांगितला जाई.

८. दोन स्थित्यंतरे

ब्रिटिश अमदानीत तलवारीस दोन नवी स्थाने मिळाली. पहिले राजदरबारातले. ब्रह्मदेशातील ब्रिटिश सरकारने ज्या मानाच्या पदव्या चालू केल्या, त्यांत शौर्याबद्दल रुपेरी तलवारीचा मानकरी, अशा अर्थाची एक पदवी होती. तलवार देणारा श्रेष्ठ आणि घेणारा बांधील, हा संकेत सरकारने अशा रीतीने आपल्या कामी लावला. दुसरे स्थान संग्रहालयातले. भरती-अधिकारी कॅप्टन जेम्स ग्रीन यांनी इ. स. १९२० नंतरच्या दशकात जमविलेली छायाचित्रे व वस्तू आज ब्रायटन येथील संग्रहालयात आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण कपाटातील तलवारीवर ती कोणत्या कुळाने कोणत्या कुळास दिली, ही माहिती सहसा नसते. नाते सुटले आणि लोखंड उरले, असे अशा वस्तूंचे झाले.

स्वातंत्र्यानंतरचे स्थित्यंतर याहून मोठे होय. इ. स. १९४७ च्या फेब्रुवारीत पांगलाँग येथे काचिन, शान व चिन पुढाऱ्यांनी आंग सान यांच्याशी करार केला, आणि १० जानेवारी १९४८ रोजी काचिन राज्य स्थापन झाले. तेव्हापासून मिचिना येथील मनाउ हा एका दुवाचा उत्सव न राहता सर्व काचिन गटांचा राष्ट्रीय उत्सव झाला. मादाईचा बळी मागे पडला, आणि बहुसंख्येने ख्रिस्ती झालेल्या समाजाने खांब, मुकुट व तलवार ही रूपे स्वत:ची म्हणून राखली. मनाउच्या मधल्या खांबांमध्ये परस्परांना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसू लागल्या. इ. स. १९६१ पासून सशस्त्र लढा देणाऱ्या काचिन स्वातंत्र्य संघटनेच्या ध्वजावरही त्याच दोन तलवारी आल्या.

सीमेपलीकडेही हेच घडले. चीनमधील देहोंग येथे हा उत्सव सरकारी आश्रयाने होतो. जिंगपोंचा मनाउ आणि आछांगांची हूसा येथील पाती घडविण्याची विद्या, या दोहोंचा समावेश इ. स. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा-यादीत झाला. तलवार वापरणाऱ्यांचे नाव एका नोंदीत आणि घडविणाऱ्यांचे दुसऱ्या नोंदीत आहे. अरुणाचल प्रदेशातील सिंगफो आपल्या आद्य पूर्वजाच्या नावाने ‘शापाँग याँग मनाउ पोई’ हा उत्सव फेब्रुवारीत साजरा करतात.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून काचिन तलवारीच्या इतिहासाचे तीन थर स्पष्ट होतात. पहिल्या थरात ती हत्यार आहे. तेथे ती शेत, घर आणि रान यांची सोबतीण होय. दुसऱ्या थरात ती देणे आहे, आणि कारागीर व ग्राहक, मायू व दामा, अपराधी व पीडित या जोड्यांना ती बांधते. तिसऱ्या थरात ती चिन्ह आहे. विसाव्या शतकात अनेक भाषा बोलणाऱ्या गटांना ‘आम्ही एक’ असे म्हणण्यासाठी तिचा आधार मिळाला.

तिसऱ्या थराचे तेज इतके प्रखर आहे की, त्यापुढे दुसरा थर झाकोळून जाण्याचा संभव असतो. ध्वजावरच्या दोन तलवारी पाहणाऱ्यास युद्ध आठवते, आणि युद्ध तेथे खरोखरच आहे. इ. स. १९९४ चा युद्धविराम जून २०११ मध्ये मोडला, लाखाहून अधिक माणसे घराबाहेर पडली, आणि इ. स. २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर लढाईचा विस्तार झाला. विस्थापितांच्या छावणीत गुरे नसतात, भाताची कोठारे नसतात. मायूंना द्यावयाचा जुना ऐवज तेथे कोठून येणार? जी देवघेव गावाच्या, शेताच्या आणि बाजारवाटेच्या आधारावर उभी होती, तिचा आधारच अशा वेळी ढासळतो. तलवार चिन्ह म्हणून सर्वत्र दिसत असतानाच देणे म्हणून ती दुर्मिळ होण्याचा धोका येथे आहे.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने पात्याची लांबी, रुंदी व धातू यांच्या नोंदीवर थांबता कामा नये. ती कोणत्या भट्टीतून आली, कोणत्या विवाहात किंवा निवाड्यात हात बदलून गेली, आणि तिच्याबरोबर कोणाचा कोणावर हक्क निर्माण झाला, हे सांगणारी वृद्ध माणसे आहेत तोवर ते लिहून घेणे अगत्याचे आहे. काचिनांच्या कथेतील कातड्यावरची अक्षरे भुकेपायी नष्ट झाली. तलवारीत साठलेली ही स्मृती नोंदीवाचून नष्ट होऊ नये, एवढी काळजी घेणे अद्याप शक्य आहे.